मोठ्या बाईंचा लाल्या

आमच्या मोठ्या बाई माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, पायांकडे बघत. दारात कोणी आलं की यांची नजर खाली. टाचा, नखं, चपला कशा काढून ठेवल्या, सगळं बघून झालं की मग मान वर, नि मग "या, बसा". लग्न होऊन मी भिलाईला, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा मला वाटलं, माझ्या जोडव्यांचं वजन बघून राहिल्या. तसं नव्हतं. ही सवय त्यांना कोंबड्यांपासून लागलेली. "तोंड काय पाहता वं, तोंड तं कोनीबी गोड करते. कोंबडी असो का मानूस, पाय पाहा. पाय खोटं बोलत नाही."

मोठ्या बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना 'बाई' म्हणायची, त्या मला 'लहाने'. आमचे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, पोलादाच्या प्लांटमध्ये होते, हेही प्लांटमध्ये. माणसं भंडाऱ्याकडची, शेती सोडून आलेली. पण बाईंनी शेती सोडली तरी कोंबड्या काही सोडल्या नाहीत. क्वार्टरच्या मागच्या अंगणात, तुळशीच्या पलीकडे, पत्र्याचं खुराडं. आजूबाजूला सगळे नोकरीवाले, कोणाकडे गुलाब, कोणाकडे मनीप्लांट, नि आमच्याकडे हे. कोणी पाहुणा मागच्या दाराकडे निघाला की मी पुढे होऊन म्हणायची, "तिकडे ओलं आहे, इकडून या."

सगळ्यात लाज त्यांच्या कोंबड्याची. टाउनशिपमध्ये अर्धे लोक नाइट शिफ्ट करून येऊन झोपलेले असतात, नि हा मेला बांग देतो. शेजारचे एक साऊथचे काका बनियनवर येऊन हात जोडून उभे राहिले होते एकदा. तेव्हा बाईंनी युक्ती केली. रात्री कोंबड्यावर बुटकी टोपली पालथी घालायची, वर वीट. आत त्याला उभं राहता येईल, पण मान ताणता येणार नाही. "मान वर करता नाही आली का बांग निघत नाही," त्या म्हणाल्या. नि खरंच, कोंबडा आत नुसता घुटमळायचा. हे वाक्य ध्यानात ठेवा, मला पुढे ते फार आठवलं.

कोंबड्यांच्या तऱ्हा तर काय सांगू. एक काळी होती, तिला अंडं घालायला भासऱ्यांचं हेल्मेटच लागायचं. प्लांटचं पिवळं हेल्मेट सायकलच्या हॅंडलला उलटं लटकलेलं, नि ही त्यात ऐटीत बसलेली. फर्स्ट शिफ्टची वेळ झाली, भासरे दारात, नि बाई आडव्या उभ्या. "पाच मिनिट थांबा. आता उठवली तं अंडं आतच अडकते."

"अवो, मी फोरमनले काय सांगू?"

"सांगा, घरात बाळंतपन होतं."

दुसरी एक पांढरी होती. ती खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायच्या नादाला लागली, पण खाली एक अंडं नाही. बाईंनी भंगारवाल्याकडून आणलेला बेअरिंगचा मोठा छर्रा होता घरात, खलबत्त्याजवळ पडलेला. तो दिला खाली ठेवून. पांढरी त्या लोखंडावर दिवसच्या दिवस बसली. सगळा ब्लॉक येऊन बघून जायचा. "काय वहिनी, स्टीलचं पिल्लू निघन काय?" बाई हसायच्या नाहीत. "हसू नोका. तिले मालूम नाही का ते लोखंड हाय? मालूम हाय. पन बसाची हौस हाय तिची."

सुषमाला, त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, बघायला दुर्गचे लोक आले तेव्हाही हेच पायपुराण. मुलगा दिसायला चांगला, नोकरी चांगली, वडील कोर्टात बाबू. आम्ही स्वयंपाकघरात कुजबुजतोय, रंग कसा, उंची किती. बाई बाहेर जाऊन चपलांपाशी उभ्या राहून आल्या नि म्हणाल्या, "देऊन टाका. पोराने चपला जोडून ठेवल्या. मायनं वळन लावलं हाय." तेव्हापासून ती 'माय', म्हणजे आमच्या विहीणबाई, बाईंच्या मनात फार उंच बसल्या होत्या. म्हणून पुढचं जास्त लागलं.

दोघे भाऊ रिटायर झाल्यावर भिलाई-तीनला एका प्लॉटवर आम्ही दोन घरं बांधली. मागचं अंगण एकच ठेवलं. नंतर भासरे गेले. बाईंच्या घरात एकटेपणा आला, तसा तो खुराड्यातही आला. त्याच सुमाराला मुंगसाने त्यांचा कोंबडा नेला. नुसत्या कोंबड्या राहिल्या. त्या वर्षी उबवलेल्या पिल्लांमधून बाईंनी एक तांबडं पिल्लू उचललं, पायांवरून अंगठा फिरवला नि म्हणाल्या, "हा लाल्या. हा नर."

लाल्या वाढला तसा दिसायलाही राजबिंडा. तुरा उभा, लालबुंद. शेपटी कमानदार. पायाला मागून काटे फुटलेले. मांजर आलं की अंग फुगवून पुढे धावणार. दाणे दिसले की स्वतः खाणार नाही, कुट-कुट-कुट करून कोंबड्यांना बोलावणार नि आपण बाजूला उभा. घरचा कर्ता पुरुष जसा. नुसती बांग तेवढी अर्धवट. "कुकू-कूऽ" म्हणून जोरात सुरू करायचा नि शेवट घशातच राहायचा. बाई म्हणायच्या, "आवाज फुटून राहिला पोराचा. बारके पोट्टे नाही का करत तसं."

एकदा मला लाल्या अंड्यांच्या टोपलीत बसलेला दिसला. मी म्हटलं, "बाई, हा का बसला इथं?"

"नर बी बसते वं. कोंबडीले जागा दाखवते, का इथं घाल म्हनून. तुले काय मालूम."

आता कोंबड्यांच्या बाबतीत बाईंना शिकवणारी मी कोण? ते खरंही आहे, कोंबडे असं करतात.

सुषमाला बरीच वर्षं मूल नव्हतं. दवाखाने झाले, उपास झाले. सासरी कोणी स्पष्ट बोलत नसे, पण दुसऱ्याच्या बारशाला तिला बोलावणं उशिरा यायचं. तेव्हा बाईंनी मरीमायला नवस बोलला. आमच्याकडची रीत अशी की नवसाचा कोंबडा विकतचा चालत नाही. आपल्या अंगणातला, आपल्या हाताने दाणा घातलेला पाहिजे. नि नरच पाहिजे. माद्या मरीमायला देत नाहीत. तीही माय, हीही माय.

मरीमायनं ऐकलं. सुषमा बाळंतपणाला आली, मुलगा झाला. बाईंनी एकच सांगून टाकलं, "न्हाऊ मी घालीन. बाई लावाची नाही." पाटावर बसून पाय लांब करायच्या, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायच्या, तेल चोळायच्या. कोपर बुडवून पाणी बघायच्या. बाळ रडायचं नाही, असे ते हात. सुषमा नव्या वळणाची, तिला मागच्या अंगणातली घाण आवडायची नाही. ती खुराड्याकडे फिरकायची नाही. पण आईने बाळाला हात लावला की ती निवांत झोपी जायची.

सव्वा महिना झाला तसा नवस फेडायचा ठरला. दुर्गहून व्याही, विहीणबाई, त्यांच्याकडच्या चार बायका आल्या. गावाबाहेर, शेतांच्या कडेला मरीमायचं ठाणं आहे, कडुलिंबाखाली. तिथला पुजारी इकडचाच, छत्तीसगढी. लाल्याला बाईंनी स्वतः न्हाऊ घातलं, कुंकू लावलं, कुशीत घेऊन आल्या. आधी कोंबड्यापुढे तांदूळ टाकतात. त्याने टिपले की देवीनं मानलं. सुपात तांदूळ ठेवले, लाल्याला पुढे सोडला. लाल्याने तांदूळ बघितले नि टिपले नाहीत. कुट-कुट-कुट करून, मान वळवून, नसलेल्या कोंबड्यांना बोलावायला लागला.

विहीणबाई म्हणाल्या, "वा, विहीणबाई, कोंबडा संसारी दिसतो." सगळे हसले. बाईंचा चेहरा फुलला.

मग लाल्या सुपात चढला. दोनदा गोल फिरला. तांदूळ पायांनी मागे सारले. नि बसला. आम्ही वाट बघतोय. पुजारी हात जोडून उभा. लाल्याने डोळे अर्धे मिटले, अंग आवळलं, नि थोड्या वेळाने उठून उभा राहिला. खाली तांदळात अंडं.

पुजारी वाकला, अंड्याकडे बघितलं, लाल्याकडे बघितलं. "ए दाई," तो म्हणाला, "ये कुकरा नोहे, कुकरी आय!"

आजही हे लिहिताना माझे कान गरम होतात. एक बाई पदर तोंडात घालून हसली, मग दुसरी. लाल्याने त्याच वेळी मान ताणून ती अर्धी बांग दिली, नि मग तर हसणं आवरेना. पण विहीणबाई हसल्या नाहीत. त्या हळू आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कोंबडा वाचवला होय, विहीणबाई? आम्हाला सांगायचं होतं. आम्ही आणला असता. माझ्या नातवाच्या नवसात देवीला फसवायला नको होतं."

मला वाटलं, आता बाई उसळतील. ज्या बाईने फोरमनला निरोप पाठवला होता, ती ऐकून घेईल? पण बाई खाली बघत होत्या. लाल्याच्या पायांकडे. मग म्हणाल्या, "चुकलं माझं."

एवढंच. मी त्यांच्या तोंडून हे शब्द कधी ऐकले नव्हते. पुजारीच बिचारा म्हणाला, "नरियर चघा दे दाई, माता मान जाही." नारळ फोडला. घरी जेवणात रस्सा नव्हता, वरण-भात नि भाजी झाली. पंगतीत कोणी वर बघत नव्हतं. पाहुणे निघताना सुषमाने आईला बाजूला घेतलं, पण भिंत पातळ, मला ऐकू आलं. "मम्मी, तुला माहिती होतं ना? तुला तर पिल्लू हातात घेतलं तरी कळतं. मग असं का केलं? आता मले सासरी रोज ऐकावं लागन." रागात ती मराठी, हिंदी सगळं मिसळून बोलते, पण त्या दिवशी शेवटचं वाक्य थेट आईच्या बोलीत बोलली.

बाई म्हणाल्या, "पोरी, विसर आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात गेले. बाई दाणे टाकत होत्या. कोंबड्या सगळ्या खुराड्यापाशी, नि बाई तुळशीकडे तोंड करून उभ्या. तिथे आमची तांबडी प्लास्टिकची बादली पालथी पडली होती. बाई तिच्यापुढे दाणे टाकत होत्या नि तिला म्हणत होत्या, "खा रे लाल्या. तुयावर राग नाही माया. तू काय करशीन."

लाल्या, म्हणजे खरा लाल्या, माझ्या मागे उभा होता.

"बाई," मी म्हटलं, "ती बादली आहे."

त्यांचा हात थांबला. मग पदराने हात पुसत त्या ओट्यावर बसल्या. मी जवळ गेले तसं त्यांनी माझा हात शोधून धरला. शोधून, हे मला तेव्हा कळलं.

"किती दिवस झाले?"

"होऊन राहिलं हळूहळू. पयले धुकं होतं, आता नुसते रंग दिसतात. लाल्याले मी हातानंच पाह्यलं वं. तुरा हाताले लागला, काटे लागले, बांग कानानं ऐकली. पायानं दगा देल्ला मले."

"मग काल सांगायचं ना! त्या एवढं बोलून गेल्या तुम्हाला. सुषमा बोलली."

"काय सांगू? का मी आंधळी हाय? मंग माया हातात पोरगं देईल काय ती? उद्याच बाई लावन. फसवलं म्हनते तं म्हनू दे. देवीले मालूम हाय." मग माझा हात घट्ट दाबून म्हणाल्या, "कोनाले सांगशील नोको, लहाने. मी हाय तवर नाही."

बाळाच्या न्हाण्याचं गरम पाणी माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, सांगणार नाही, पण एका अटीवर. पाणी मी बघणार, मी ओतणार.

त्या दिवसापासून सुषमा दुर्गला जाईपर्यंत बाळाला आम्ही दोघींनी न्हाऊ घातलं. बाई पाय लांब करून बसायच्या, मी बाळ त्यांच्या नडग्यांवर ठेवायची. "साबन डोळ्यात जाऊन राहिलं काय?" त्या ओठ न हलवता विचारायच्या. मी म्हणायची, "थोडं डावीकडं घ्या." सुषमाला वाटायचं, काकू आता कशाला मध्ये मध्ये करते. एकदा म्हणालीही, "काकू, मम्मीला येतं ना सगळं." मी हसण्यावारी नेलं.

पण बाईंचा आवाज गेला तो गेलाच. कोंबड्यांवर कोणी काही विचारलं तर "मले काय समजते" म्हणायच्या. दारात कोणी आलं तर पायांकडे बघायच्या नाहीत. दिसतच नव्हते म्हणा, पण आधी दिसत नसतानाही बघायच्या. मला ती बुटकी टोपली आठवायची, नि आतला घुटमळणारा कोंबडा.

सुषमा गेली त्याच आठवड्यात बाई मला म्हणाल्या, "चाल आता, कुठं नेतं तं ने." दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, आधी एक, मग दुसरा. सुषमाला फोनवर सांगितलं, थोडा मोतीबिंदू आहे, सगळ्यांनाच होतो. पट्टी सुटली, काळा चष्मा लावून घरी आल्या, नि चहा न घेता थेट मागच्या अंगणात. लाल्या आला समोर, छाती काढून. बाईंनी चष्मा वर केला. वरपासून खालपर्यंत बघितलं. पाठीवरची पिसं बघितली, मानेवरची बघितली.

"बया गं! ही तं सरळसरळ कोंबडी हाय! मानेची पिसं पाहा वं, गोल हायत. नराची लांब, टोकदार राहतात. हे तं पोट्ट्यालेबी समजलं असतं!"

आम्ही दोघी हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग हसता हसता बाई थांबल्या.

"लहाने, मले दिसत नव्हतं. तुमाले सगळ्याले तं दिसत होतं नं? तो पुजारी, ते दुर्गचे, तू... कोनालेच कसं नाही दिसलं?"

बाई म्हणाल्या नर, म्हणून नर. आरवला म्हणून नर. आम्ही धडधाकट डोळ्यांनी त्याला कुंकू लागलेलं बघितलं नि हात जोडले.

त्याच मग म्हणाल्या, "जाऊ दे. घरात कोंबडा नसला का कोनाले तरी आरवा लागते. तिनं आरवलं. तिची काय चूक." भासरे गेल्यावर पाण्याचा पंप, विजेचं बिल, छताचं काम, सगळं बाईंनीच निभावलं होतं. त्या कोणाबद्दल बोलत होत्या, मी विचारलं नाही.

देवीनं परत पाठवलेली म्हणून लाल्याला कोणी कापलं नाही. नावही लाल्याच राहिलं. अंडी घालायची नि आरवायचीही. कोणी म्हणायचं, आरवणारी कोंबडी घरात ठेवू नये, अपशकुन असतो. बाई म्हणायच्या, "माया घरी शकुन करून राहिली, तुमी आपलं पाहा."

पण ती गोष्ट काही मेली नाही. दुर्गकडच्या प्रत्येक लग्नात, मुंजीत विहीणबाई ती सांगायच्या, नि वर्षांगणिक तिला मीठमसाला लागत गेला. आधी राग होता, मग गंमत झाली, मग तर प्रेमानेच सांगायच्या. 'आमच्या विहीणबाई कोंबडा वाचवणाऱ्या.' लोक हसायचे, सुषमाही हसायची. बाईही हसायच्या, खाली बघून. मी पानातली कोशिंबीर चिवडत बसायची. दुसऱ्याच्या लाजेची राखण करणं फार कठीण असतं हो. आपली लाज निदान आपली तरी असते.

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. झोपेतच. तेराव्याला सगळे जमले, जेवणं झाली, आठवणी निघाल्या, नि विहीणबाईंनी डोळे पुसत पुसत तीच गोष्ट काढली. "काही म्हणा, होत्या मात्र चतुर. देवीला कोंबडी..." बायका ओल्या डोळ्यांनी हसल्या. सुषमा हसली. तिचा मुलगा तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता.

मी म्हटलं, "सुषमा, तुझ्या आईला दिसत नव्हतं."

"काय?"

"तुझ्या बाळंतपणात. रंग तेवढे दिसत होते, बाकी काही नाही. लाल्याला तिने हातानं पारखलं होतं. सांगितलं असतं, तर तू बाळ तिच्याकडे दिलं नसतं. म्हणून नाही सांगितलं."

विहीणबाईंचा हात डोळ्यांशीच राहिला. सुषमाने खाली मांडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग याला न्हाऊ कोण घालत होतं, काकू?"

"तीच. हात तिचे होते. डोळे माझे."

सुषमाने मुलाचं डोकं हळूच उशीवर ठेवलं नि उठली. मला वाटलं, आत जाऊन रडेल. ती मागच्या दाराने अंगणात गेली. जिथे तिने आयुष्यात कधी पाय ठेवला नव्हता तिथे, त्या घाणीत, रेशमी साडीनिशी, खुराड्यासमोर बसली. लाल्या आता म्हातारी झालेली, तुरा एका बाजूला पडलेला, डोळ्यावर पांढरा पडदा आलेला. सुषमाने हात पुढे केला. लाल्या जवळ आली नाही. दोन पावलं मागे सरली, मान ताणली, नि तिची ती अर्धी बांग दिली.

आत एवढे लोक बसले होते. कोणी हसलं नाही.